वाजवणाऱ्याचे भांडवल : कान, गळा आणि झोप

भिवंडी म्हटली की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर यंत्रमाग उभे राहतात आणि ते बरोबरच आहे. पण रोजी मिळवण्याचे आणखी एक साधन या गावात आहे, ज्याची दखल आमच्या व्यापारी मंडळींच्या बैठकीत क्वचितच घेतली जाते. बँडपार्ट्या, बेंजोपार्ट्या, ढोल-ताशावाले, सनईवाले, कव्वाल व त्यांचे हमनवा, ढोलक-तबला-हार्मोनियमची साथ करणारे. वरात शहरात असते, हळद आजूबाजूच्या आगरी गावांत असते, उर्स कुठे ना कुठे चालू असतो. सुपारी घेतली जाते, माणसे जमवली जातात, टेम्पो ठरतो, हिशेब होतो. म्हणजे हा सरळसरळ धंदा आहे, आणि धंद्याच्या पानावर त्याची चर्चा व्हायला हवी.

संगीत जायज की नाजायज हा वाद इथे घालायचा नाही. तो आलिमांचा विषय आहे. पण त्या वादाचा एक परिणाम या कारागिरांवर होतो, तो सांगितला पाहिजे. ज्या पेशाविषयी मोहल्ल्यात उघडपणे बोलले जात नाही, त्या पेशातले दुखणेही उघडपणे सांगितले जात नाही. विणकराच्या छातीत कापसाची धूळ गेली तर चार माणसे विचारपूस करतात. ट्रम्पेटवाल्याच्या कानात शिट्टी वाजू लागली तर तो घरातही सांगत नाही.

आपला कारखानदार मागाची काळजी कशी घेतो ते पाहा. वेळेवर तेल पडते, पिकर झिजला की बदलला जातो, आवाजात फरक पडला की जॉबरला हाक मारली जाते. मिरजेचे सतारमेकर तर त्याहून पुढचे. सतार आणि तंबोऱ्याचा भोपळा नीट वाळेपर्यंत ते त्याला हात लावत नाहीत, आणि लाकडाला ओल लागू नये म्हणून जिवापाड जपतात. शिकलगार घराण्यातल्या मुस्लिम कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात उभा केलेला हा व्यवसाय. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. वाद्याची इतकी निगा राखणाऱ्या या मुलखात वाजवणाऱ्याची निगा मात्र कोणाच्याच खर्चाच्या वहीत नाही. वाद्य फुटले तर दुसरे मिळते. कान गेला तर तो गेलाच.

कानापासूनच सुरुवात करू, कारण भिवंडीत हा प्रश्न इतर गावांपेक्षा दुप्पट आहे. कानाच्या आत, शंखासारख्या नळीत, बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाज त्यांच्यामुळे मेंदूपर्यंत पोचतो. फार मोठा आवाज फार वेळ ऐकला की त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कोणत्याही तेलाने, थेंबांनी किंवा नुस्ख्याने त्या परत येत नाहीत. आधी बारीक, तीव्र सूर जातात. सनईचा वरचा स्वर, बाईमाणसाचे आणि लहान मुलाचे बोलणे अस्पष्ट होते. माणसाला वाटते, लोकच पुटपुटत बोलतात. कधी कानात सतत सूं सूं किंवा शिट्टी चालू होते, आणि रात्री सगळे गाव शांत झाले की तीच मोठी वाटते.

आता हिशेब पाहा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. जगातले कामगार-आरोग्याचे तज्ज्ञ सांगतात की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालेल. तिथून पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. आपल्याकडच्या कारखाना नियमांनी जास्त सूट दिली होती, ९० ला आठ तास आणि ९५ ला चार. शटलच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९५ च्या आसपास किंवा त्याच्याही वर असतो, आणि आपल्याकडची पाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची. म्हणजे तज्ज्ञांचे माप धरले तर मागावरच्या माणसाचा दिवसभराचा कोटा पहिल्या तासातच संपतो, आणि सरकारी माप धरले तरी दुपारच्या जेवणाआधी संपतो.

असा माणूस संध्याकाळी आंघोळ करून, जरीकाठाचा गणवेश चढवून वरातीत उभा राहतो. समोर ट्रम्पेट, बाजूला साइड ड्रम, मागे हातगाडीवर कर्णा. इथे आवाज शंभरच्या पुढे सहज जातो. डीजेची गाडी जवळ असली तर विचारूच नका. दिवसा शेडमध्ये आणि रात्री वरातीत, दोन्ही मिळून त्या कानाने काय झेलले याची बेरीज कोणी करत नाही. कारखानदाराला वाटते बँडने कान गेला, बँडमास्तरला वाटते मागाने गेला. माग आणि वाद्य अशी दोन्ही कामे करणारे किती आहेत हे सांगणे अवघड, पण ज्यांना आपण ओळखतो ते कमी नाहीत.

कापूस कोंबून भागत नाही, त्याने आवाज जेमतेम काही डेसिबलने उतरतो. फोमचे बोळे, ज्यांना इअरप्लग म्हणतात, ते दाबून नीट बसवले तर पंधरा-वीस डेसिबलचा फरक पडू शकतो, आणि एक जोड दोन-तीन चहांच्या किमतीत येतो. वादकांची तक्रार अशी की त्याने सूर बोथट ऐकू येतात. ती खरी आहे. म्हणून मागावर हे साधे बोळे घालावेत आणि वाजवताना वादकांसाठी वेगळे मिळतात ते घालावेत. हे दुसरे सगळे स्वर सारख्या प्रमाणात कमी करतात, मात्र महाग असतात. ज्याला ते परवडत नाहीत त्याने निदान शेडमध्ये कान झाकला तरी संध्याकाळसाठी त्याचा काही हिस्सा शिल्लक राहील. ताशेवाल्याने कर्ण्याच्या तोंडासमोर उभे राहायचे नाही, एवढे मास्तरने ठरवले तरी फुकटात मोठा फायदा आहे.

मास्तर आणि पार्टीमालकांनी लंडनचा एक खटला ध्यानात ठेवावा. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये वाग्नरच्या संगीतनाटकाची तालीम चालली होती. व्हायोला वाजवणाऱ्या एका वादकाची खुर्ची ट्रम्पेटवगैरे पितळी वाद्यांच्या अगदी पुढे आली. तीन तासांत सरासरी आवाज ९० डेसिबलच्या वर आणि अधूनमधूनचे फटके १३० च्या पुढे. त्या दिवसापासून त्याचे कान इतके हळवे झाले की त्याला पेशा सोडावा लागला. मालकाचे म्हणणे होते, आम्ही इअरप्लग दिले होते, घालायचे की नाही हे वादकाने ठरवायचे. मार्च २०१८ मध्ये तिथल्या हायकोर्टाने हे म्हणणे मानले नाही. कान वाचवायची जबाबदारी मालकाची, ती वादकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, असा त्याचा अर्थ. २०१९ मध्ये अपील कोर्टानेही मालकाला जबाबदार धरले. आपल्याकडे बँडवाला कोर्टात जाणार नाही, हे खरे. पण जगातले सर्वात नावाजलेले संगीतघर जिथे सुटले नाही, तिथे काय बरोबर आणि काय चूक हे तरी स्पष्ट झाले.

गळ्याची गोष्ट निराळी आहे. गळा बऱ्याच अंशी दुरुस्त होतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो आणि नेमका वेळच कव्वालाकडे नसतो. भिवंडीतल्या गाणाऱ्याचा अर्धा गळा गाण्याआधीच खर्च झालेला असतो. शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते, आणि बारा तास ओरडून झाल्यावर रात्री तार सप्तकात आळवायचे. स्वरतंतू सुजतात, सुजलेल्या तंतूंवर जोर दिला की तिथे गाठी होतात. आवाज बसला की बरेच जण मेडिकलमधून जोरदार गोळी मागून घेतात आणि त्या रात्रीचा कार्यक्रम निभावतात. गोळीने सूज तात्पुरती उतरते, दुखापत तशीच राहते, आणि माणूस दुखऱ्या पायावर धावावा तसा गातो. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत मोकळा झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून आत आरसा किंवा दुर्बीण घालून तपासून घ्यावे, तंबाखू खाणाऱ्याने तर नक्कीच. पान-तंबाखूची मोठी मैफल आणि घशाचा कॅन्सर यांचे नाते कोणाला नव्याने सांगायला नको. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठल्या टपरीवर मिळतो हे पार्टीतल्या पोरांना पाठ असते.

आणखी एक सवय. कार्यक्रम संपतो बाराला, यजमान प्रेमाने बिर्याणी वाढतो, आणि टेम्पोत बसल्या बसल्या झोप लागते. पोटातले आम्ल वर येते, रात्रभर स्वरतंतूंवर पडत राहते, सकाळी घसा खरखरतो. लोक म्हणतात थंडी लागली. यजमानाचा मान राखून दोन घास खावेत, बाकीचे डब्यात घ्यावे. आवाज बसलेला असताना कुजबुजत बोलू नये, त्याने ताण वाढतो. सरळ गप्प बसावे. पाणी मात्र भरपूर प्यावे, आणि तेही कार्यक्रमाच्या आधीपासून.

फुंकून वाजवण्याच्या वाद्यांचे धोके जुने आहेत. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात गाणाऱ्यांना आणि जोराने फुंकणाऱ्यांना होणारा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, त्याने नोंदवला होता. मागवाल्यांच्या दुखण्यांवरही त्याने लिहिले. तीनशे वर्षांपूर्वी एका पुस्तकात विणकर आणि वाजवणारा शेजारी बसले, आपल्याकडे अजून बसलेले नाहीत. फुंकणाऱ्याने जांघेत फुगवटा दिसला की लपवू नये. दुसरी गोष्ट स्वच्छतेची. एकाचा माउथपीस दुसऱ्याने तोंडाला लावणे ही पार्ट्यांमधली रोजची गोष्ट आहे, आणि ती टाळलेली बरी. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आतून ओले राहिले तर बुरशी धरते आणि ती श्वासाबरोबर छातीत जाते. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये बॅगपाइप वाजवणाऱ्या एका ६१ वर्षांच्या रुग्णाची हकीकत छापली, वाद्यातली बुरशी छातीत जाऊन तो दगावला असा त्यांचा निष्कर्ष होता. वाजवून झाल्यावर नळी पुसून वाळवायला दहा मिनिटे लागतात. ज्याच्या छातीत आधीच कापसाचे तंतू आहेत त्याने तर ही दहा मिनिटे वाचवू नयेत.

ढोलवाल्याची मान आणि कंबर, तबल्या-ढोलकवाल्याचे मनगट, हार्मोनियमवाल्याचा खांदा यांबद्दल इतकेच : मुंग्या येणे, बोटे बधिर होणे हा थकवा नव्हे, ती नस दबल्याची खूण असू शकते. मालिश करून दुसऱ्या दिवशी तितकाच वेळ वाजवण्याने ती सुटत नाही. ढोल गळ्यातल्या एका पट्ट्यावर न टांगता दोन्ही खांद्यांवर येणारा पट्टा चांभाराकडून करून घ्यावा.

खरी वसुली झोपेची होते. लग्नसराईत रात्री दोनला परत, सकाळी सातला पाळी. मुंबई-नाशिक रस्त्यावरून परतणाऱ्या टेम्पोचा चालकही तितकाच जागलेला असतो. उस्ताद अमीर खाँसाहेबांसारखा गवई १९७४ मध्ये कलकत्त्यात मोटार अपघातात गेला, हे आठवले तरी पुरे. पार्टीत वाजवणाऱ्यानेच गाडी चालवायची नाही हा नियम पैशाने महाग वाटतो, पण तो करावाच.

उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. किराण्याहून आलेले, मिरजेत राहिलेले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात विसावलेले. ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीला गाण्यासाठी निघाले. वाटेत छातीत दुखू लागले, सिंगपेरुमलकोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते उतरले, आणि फलाटावरच त्यांनी प्राण सोडला. शेवटच्या क्षणी ते इबादतीत आणि सुरांत होते, असे सांगतात आणि ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. पण साठी ओलांडलेला माणूस रात्रीच्या गाडीने एका गावाहून दुसऱ्या गावी गात हिंडत होता, ही त्याच गोष्टीतली धंद्याची बाजू आहे. ती कोणी सांगत नाही. साठ वर्षांनी, ऑगस्ट १९९७ मध्ये, नुसरत फतेह अली खान लंडनच्या इस्पितळात गेले. वय अवघे ४८. मूत्रपिंडे निकामी झाली होती, शरीर अफाट जड झाले होते, आणि कार्यक्रमांची रांग संपत नव्हती. आपल्या कव्वालांपैकी कित्येक जण त्यांच्या ताना घेऊ पाहतात. साखर आणि रक्तदाब वर्षातून एकदा तपासण्याचे मात्र कोणी मनावर घेत नाही.

मनाच्या दुखण्याकडे वळतो. या धंद्याचा हंगाम तुकड्यातुकड्यांचा आहे. रमजानमध्ये काम नाही, मोहरममध्ये नाही, आणि हिंदू बांधवांकडची लग्ने चातुर्मासात बंद. डीजेने बँडची निम्मी गिऱ्हाइके नेली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर कर्णा बंद झाला, फक्त वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. गळ्याला आणि झोपेला ते बरेच झाले, पण रात्रभराच्या कव्वालीचे मानधन त्याबरोबर गेले. २०२० च्या टाळेबंदीत तर वरातच थांबली. कमाई अशी थांबते तेव्हा माणूस चिडतो, जागतो, कोणी बाटलीला लागतो. त्याच्या घरच्यांना वाटते स्वभाव बिघडला. वरातीत नशेत नाचणाऱ्याने नोट तोंडात धरायला लावणे, ठरलेली रक्कम द्यायच्या वेळी "मास्तर, अजून दोन गाणी" म्हणून अर्धा तास जास्त राबवणे, हेही साचत जाते.

कुमार गंधर्वांचे उदाहरण इथे उपयोगी आहे. बेळगावकडचा हा गवई ऐन उमेदीत, १९४७ च्या सुमारास, क्षयाने आजारी पडला. १९४८ च्या आरंभी ते हवापालटासाठी देवासला गेले आणि जवळजवळ सहा वर्षे गाणे बंद. ज्याचे पोट आणि नाव दोन्ही गळ्यावर, त्याने सहा वर्षे गायचे नाही. पत्नी भानुमतीबाईंनी त्यांना सांभाळले. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तेव्हा नवेच होते, ते मिळाले. अंथरुणावर पडून ते माळव्यातल्या बायकांची लोकगीते ऐकत राहिले. १९५३ मध्ये पुन्हा गायला बसले तेव्हा एक फुफ्फुस कायमचे अधू होते. त्यांनी जुना दमसास ओढून आणण्याचा हट्ट केला नाही, छोट्या, टोकदार फेकीची नवी गायकी केली आणि १९९२ पर्यंत गायले. औषध, घरची माणसे, थांबायची परवानगी आणि बदललेली पद्धत, ही चारही मिळाली म्हणून ते जमले. आपल्या बँडवाल्याला यातली तिसरी गोष्ट कधीच मिळत नाही. आठ दिवस थांबला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो.

म्हणून पार्टीमालकांसाठी एक व्यवहारी सूचना. सुपारी घेतानाच वाजवण्याचे तास लिहून घ्यावेत, तासामागे दहा मिनिटांची विश्रांती आणि जास्तीच्या वेळेचा वेगळा दर त्यातच असावा. वरात निघण्यापूर्वी बहुतेक रक्कम हातात यावी. प्रत्येक सुपारीतून थोडी रक्कम बाजूला काढून पार्टीच्या नावाने ठेवावी, आणि आजारी पडलेल्याला त्यातून निम्मी तरी रोजी द्यावी. मागवाल्यांच्या बिशी चालतात तर ही का चालू नये?

सरकारी कागदही करून ठेवावेत. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २०२१ पासून सुरू आहे, त्यात वादकही बसतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या, अल्प उत्पन्नाच्या कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची राज्याची मानधन योजना आहे, २०२४ पासून तिची रक्कम महिना ५००० रुपये झाली. तिला कार्यक्रमांचे पुरावे लागतात, तेव्हा जुनी पत्रके, फोटो, कात्रणे रद्दीत देऊ नयेत. मनाचा भार असह्य झाला तर टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठी आणि उर्दूतही बोलता येते.

राहिली कानाची तपासणी. तिला ऑडिओमेट्री म्हणतात, दुखत नाही, अर्ध्या तासात होते. मात्र जाण्याआधी निदान चौदा-सोळा तास कान शांत असायला हवा, नाहीतर आदल्या दिवसाच्या आवाजाने बधिर झालेला कान खरे माप देत नाही. तेव्हा मोहरम किंवा रमजानमधला सुटीचा दिवस धरावा, आदल्या दिवशी दुपारनंतर शेडमध्ये जाऊ नये, आणि सकाळी जाऊन कागद करून आणावा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात दुसरा कागद करावा आणि दोन्ही डॉक्टरांसमोर शेजारी ठेवावेत.